मावशींच्या बांगड्यांवरचा मनाईहुकूम

तारखा प्रथम देतो. तारीख चुकली की पुढचे सगळे म्हणणे वाऱ्यावर जाते, हे मी नगरला एका वकिलांकडे दोन वर्षे कारकुनी केली तेव्हा शिकलो आणि पुढे शेती करतानाही विसरलो नाही. साल एकोणीसशे एकाहत्तर. इंग्रजी तारखा माझ्या वहीत आहेत. पण गाव तेव्हा तिथीवर चालत होते, म्हणून तिथीच लिहितो.

वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय तृतीया. वरच्या आळीत लग्न. कासारीण मावशींनी अंगात ताप असताना लग्नघरच्या बायकांना बांगड्या भरल्या. जबाबदार कोणी नाही.

वैशाख शुद्ध षष्ठी. मावशींच्या कपाळावर व हातांवर देवीचे फोड. त्याच दिवशी तालुक्याला पत्र व पत्रासोबत हुकमाचा मसुदा. जबाबदार: मी.

वैशाख शुद्ध नवमी. मसुद्यावर सही होऊन हुकूम चावडीवर वाचला गेला. जबाबदार: न वाचता सही करणारे तालुक्याचे अधिकारी, आणि पुन्हा मी.

वैशाख शुद्ध दशमी. पुराव्यात आदल्या दिवशी केलेली ढवळाढवळ उघडकीस आली. जबाबदार: गावातील एकूण एक स्त्री. म्होरकी, माझी पत्नी.

ज्येष्ठ शुद्ध चतुर्दशी. हुकमाचा उघड भंग. जबाबदार: माझी पत्नी, व तो न थांबवणारा मी.

त्या दिवसापासून आजतागायत. हुकूम मागे न घेणे. जबाबदार: त्या खुर्चीत बसून गेलेला प्रत्येक अधिकारी, आणि आज बसलेला.

ही यादी वाचून कोणी म्हणेल, म्हातारा गावावर रागावला आहे. रागावलो आहे हे खरे. गावावर नाही. गावावर रागावण्याचा माझा अधिकार दशमीच्या सकाळी संपला, तो कसा हेच सांगायचे आहे.

आमचे गाव नेवासा तालुक्यातले, सोनईच्या बाजाराला जोडलेले. कासारीण मावशी गावात एकच. तेव्हा त्या चाळिशीच्या असतील. त्यांचा नवरा अबोल माणूस. तो माल आणी, मांडी, उचली. बांगडी मात्र कधी भरत नसे. ते काम मावशींचे. पाच गावचे बाजार त्या करीत आणि उरलेल्या दिवशी घरोघर फिरत. डोक्यावर बांगड्यांच्या माळांची पाटी, तिच्यावर फडके, आणि उंबऱ्यात पाटी टेकवतानाचा तो किणकिणाट. तो ऐकू आला की आमच्या घरात पुरुषांना चहा मिळत नसे.

मावशींना बायकांची नावे लक्षात राहत नसत, हात राहत. हात धरला की त्या डोळे मिटत, अंगठ्याचे हाड आत दाबत आणि म्हणत, "सव्वादोन. पर सोड की गं सैल, भांडायला आल्यागत धरलाय." कोणाचा हात सव्वादोनचा, कोणाचा अडीचचा, कोणाचे मनगट बाळंतपणानंतर भरले, कोणाचे कष्टाने उतरले, सारे त्यांच्या बोटांना ठाऊक. काच फुटून कोणाच्या हातातून रक्त निघाले असे कधी घडले नाही. आमच्या लग्नानंतर माझ्या पत्नीच्या हातात गावची पहिली बांगडी त्यांनीच भरली. ती रडत होती. मावशी तिला म्हणाल्या होत्या, "रड, रड. रडताना हात मऊ पडतो." माझी पत्नी त्यावर हसली, आणि तेवढ्यात बांगडी आत गेली.

मला त्या "वकील" म्हणत. गावातले बरेच जण थट्टेने म्हणत. मावशी मनापासून म्हणत. कागदावर त्यांची फार श्रद्धा. शिक्का असलेला कागद त्या दोन्ही हातांनी घेत.

त्या वर्षी मी ग्रामपंचायतीचा सभासद होतो आणि आरोग्याचे काम माझ्याकडे होते. म्हणजे विहिरीत लाल औषध टाकून घेणे आणि न टाकल्याबद्दल तालुक्याला पत्रे लिहिणे. माझे वय एकतीस. आपण लिहिलेले वाक्य बरोबर असले की जग बरोबर होते, अशी माझी तेव्हा समजूत होती.

मावशींना रोग कुठे लागला हे कळले नाही. अक्षय तृतीयेला त्यांचे अंग तापले होते, पण लग्नघरच्या बायका बसल्या होत्या आणि नवरीचा हिरवा चुडा भरायचा होता. त्यांनी पदराने घाम पुसत सगळ्यांचे हात भरले. तिसऱ्या दिवशी फोड उठले. नवऱ्याने दाराला कडुलिंबाची डहाळी बांधली आणि आत जाऊन बसला. गावाला सांगायला एवढे पुरेसे होते.

मी त्याच दुपारी एस.टी.ने तालुक्याला गेलो. लस टोचणाऱ्याला ताबडतोब पाठवावे अशी मागणी केली. ती योग्यच होती. पण तेवढ्यावर थांबलो नाही. साथरोगांचा इंग्रजांच्या वेळचा कायदा मी नगरला असताना नकलून घेतला होता. त्याच्या आधारे हुकमाचा मसुदा तयार करून पत्राला जोडला. त्यात तीन कलमे होती. पहिले: सदर स्त्रीने पुढील आदेश होईपर्यंत बांगड्या भरण्याचा धंदा करू नये. दुसरे: अक्षय तृतीयेपासून जिने तिच्या हातून बांगड्या भरून घेतल्या असतील तिने चावडीवर हजर होऊन नाव नोंदवावे. तिसरे: अशा स्त्रियांच्या घरांनी पुढील आदेश होईपर्यंत सार्वजनिक विहिरीवर येऊ नये. भंग करणारास कलम एकशे अठ्ठ्याऐंशी प्रमाणे शिक्षा.

तिसरे कलम लिहिताना मला विशेष आनंद झाला होता, हे कबूल करतो. त्या घरांना पाणी कोणी आणून द्यावे, याबद्दल मसुद्यात एक अक्षर नव्हते.

लस टोचणारा गृहस्थ नवमीला सकाळी सायकलवरून आला. नगरकडचा, ख्रिस्ती कुटुंबातला, सावळा, किडकिडीत. खिशात बायबलची छोटी प्रत आणि पिशवीत लशीच्या नळ्या. त्याने आल्या आल्या मावशींना पाहिले, दाराबाहेर येऊन हात साबणाने कोपरापर्यंत धुतले आणि मला विचारले, "वाचतील असं वाटतं. डोळ्यांचं सांगता येत नाही. यांनी ताप आल्यापासून कोणाकोणाला हात लावला?"

"बांगड्या भरतात त्या," मी म्हणालो. "हात लावणं हाच धंदा."

"मग यादी द्या."

मी खिशातून हुकूम काढून त्याच्यापुढे धरला. तो त्यानेच तालुक्याहून माझ्या नावाच्या पाकिटात आणला होता. माझ्या मसुद्यावर, माझ्याच अक्षरावर, खाली फक्त सही आणि शिक्का. एका शब्दाची दुरुस्ती नाही. त्याने तो दोनदा वाचला.

"हे विहिरीचं कोणी घातलं? देवी पाण्यातून पसरत नाही साहेब. ती पटकी."

"खबरदारी," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने कागद घडी करून परत दिला. सरकारी शिक्क्यापुढे सायकलवरचा माणूस काय बोलणार?

दुपारी दवंडी पिटली. मी चावडीच्या ओट्यावर उभा राहून हुकूम मोठ्याने वाचला आणि खिळ्यांनी दाराला ठोकला. बायका लांब, पिंपळाखाली उभ्या राहून ऐकत होत्या. कोणीच काही बोलले नाही. ते गप्प राहणे मला आज्ञाधारकपणा वाटले.

घरी आलो तर पत्नी भाकरी थापत होती. तिने वर न पाहता विचारले, "लग्नघरी किती जनींनी भरल्या म्हनता?"

"बारा-चौदा असतील. उद्या कळेल. नव्या हिरव्या बांगड्या लपत नाहीत. बाई बांगड्या उतरवून तर येणार नाही. यापेक्षा चोख पुरावा नाही."

"म्हंजी बारा घरांचं पानी तोडलं तुमी."

"मी नाही. हुकमानं."

"हुकूम कुनी लिवला?"

तिने भाकरी तव्यावर टाकली.

"आवो, ऐका. बारा जनींचं पानी तोडलं, तर त्या बारा जनी जलमभर कुनाला शिव्या देतील? मावशीला. तिच्यामुळं झालं म्हनतील. ती उठली तरी तिच्याम्होरं हात कोन धरंल? आन समद्या गावाचंच पानी तोडलं, तर शिव्या कुनाला देतील?"

"कुणाला?"

"तुमाला," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

मी हसलो. बायकांचे बोलणे म्हणून सोडून दिले. ती दुपारी विहिरीवर गेली, नेहमीपेक्षा बराच वेळ लावून आली, आणि येताना तिच्या अंगाला साबणाचा वास होता. मी एवढे पाहिले आणि त्यावरून काहीच निष्कर्ष काढला नाही. वकिलाचा कारकून म्हणून माझी लायकी तेवढीच होती.

दशमीला सकाळी मी चावडीवर टेबल मांडले. वही, दौत, टाक. शेजारी लस टोचणाऱ्याने लाल औषधाच्या गुलाबी पाण्याची बादली ठेवली होती. पहिल्यांदा त्यात हात बुडवायचे, मग दंडावर लस. बायका आल्या. बारा नाहीत, चौदा नाहीत. वरची आळी, खालची आळी, मळ्यातल्या, वस्तीवरच्या. गावातल्या झाडून साऱ्या आल्या, आणि पहिलीने पदर सारून हात पुढे केले. हिरव्या नव्या बांगड्या, एक इकडे, एक तिकडे, जुन्यांच्या मधोमध. दुसरीनेही तेच. तिसरीनेही.

"तुम्ही तर लग्नाला नव्हता," मी चौथीला म्हणालो. ती तर माहेरी गेली होती, परवाच परतली होती.

"व्हय, न्हवते."

"मग या बांगड्या?"

"मावशीच्या हायत."

"कधी भरल्या?"

"त्ये न्हाई आठवत बया." आणि मागे सगळ्या खुसूखुसू हसल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आले. आदल्या दुपारी विहिरीवर लग्नघरच्या बायकांनी साबण लावून आपापल्या हातातल्या डझन-दीड डझन बांगड्या उतरवल्या होत्या आणि ज्यांनी भरल्या नव्हत्या त्यांना वाटल्या होत्या. कोणाचे मनगट उघडे पडले नाही. आणि कोणाचे मनगट वेगळे दिसेल असे उरले नाही. ज्यांना माप बसले नाही त्यांनी कोपरापर्यंत सरकणाऱ्या सैल बांगड्याही घातल्या होत्या. रांगेच्या शेवटी वरच्या आळीतली एक म्हातारी विधवा होती. तिला बांगडी घालता येत नव्हती. तिने पदराची गाठ सोडली, आतली एक हिरवी बांगडी माझ्या वहीवर ठेवली आणि म्हणाली, "माझी बी लिव रं."

रांगेत माझी पत्नी सातवी होती. तिच्याही हातात दोन.

"हा गुन्हा आहे," मी तिला हळू आवाजात सांगितले. "पुरावा नाहीसा करणे. कलम दोनशे एक."

"नाहीसा कुटं केलाय?" ती मोठ्याने म्हणाली. "वाढवलाय की!"

चावडी हसली. लस टोचणारा इतका हसला की त्याला सुई खाली ठेवावी लागली. मी हसलो नाही. मला खरोखर संताप आला होता, आणि तो निराधार नव्हता: रोग्याच्या हातातून गेलेल्या वस्तू त्यांनी निरोगी हातात घातल्या होत्या. मी तसे बोललोही. तेव्हा लस टोचणाऱ्याने डोळे पुसले आणि गंभीर होऊन म्हणाला, "साहेब बरोबर बोलतात. वेडेपणा केला तुम्ही. यातली एखादी जायची या वेडेपणानं." पुढे तो माझ्याकडे वळला. "पण आता यादी कशाची करता? सगळं गाव लिहा. सगळ्यांना टोचतो. पुरुषांनाही बोलवा, त्यांनी यांचेच हात धरलेत."

त्याने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सारे गाव टोचले. दोन टोकांची ती बारीक सुई, दंडावर भराभर पंधरा टोचे, रक्ताचा ठिपका. एरवी लस म्हटली की आमच्या गावच्या बायका उसात जाऊन बसत. पूर्वी लस टोचायला दंडावर फिरवीत त्या दातेरी फिरकीच्या जखमा त्यांना आठवत. मी त्याआधी दोन वर्षे पत्रे लिहून, सभा घेऊन निम्मे गावसुद्धा टोचून घेऊ शकलो नव्हतो. त्या दिवशी एकही बाई मागे राहिली नाही, कारण प्रत्येकीने स्वतःच्या हातात पुरावा घातला होता.

आणि तिसऱ्या कलमाचे काय? साऱ्या गावाने विहिरीवर जाऊ नये असा हुकूम अमलात आणता येत नाही. सरपंचांनी माझ्याकडे पाहिले, मी वही मिटली. विहीर चालू राहिली.

मावशींचे दार मात्र बंद होते, आणि ते बंद असणे योग्य होते. नवरा आत, त्या आत. दारापासून दहा पावलांवर एक धोंडा होता. गावाने पाळी लावून त्या धोंड्यावर जेवण ठेवायला सुरुवात केली. कोणी ठरवून दिले नव्हते, पण एक पद्धत पडली. मावशींचे डोळे सुजून मिटले होते. कोण आले ते त्यांना दिसत नसे, आणि नावे तर कधीच लक्षात राहत नसत. म्हणून बाई धोंड्यावर भाकरी-कालवण ठेवी आणि ओरडे, "मावशे, सव्वादोन आलीय!"

आतून घोगरा आवाज येई, "सव्वादोन गावात ढीगभर हायत. कोनची?"

"डाव्या मनगटाचं हाड वर आलेली!"

"हां हां. तुज्या पोरीला लस टोचली का गं?"

"टोचली. लई रडली."

"रडू दे. हात मऊ पडतो."

मी रोज सकाळी तिथून जाताना हे ऐकत असे. एकदा पत्नीच्या पाळीच्या दिवशी तिच्यासोबत गेलो. ती ओरडली, "मावशे, अडीच!" आतून उत्तर आले, "आन संगं कोन हाय? पावलं दोन मान्सांची वाजली."

"वकील हायत."

मावशी म्हणाल्या, "वकीलदादा, कागद चांगला वाचला म्हनत्यात. म्या पाळतीय बरं का."

मी "लवकर बऱ्या व्हा" असे काहीतरी म्हणालो.

गावात दुसरा रोगी निघाला तो एकच, त्यांचा नवरा, आणि त्याचेही हलक्यावर गेले. खपल्या पडल्या. लस टोचणारा पुन्हा आला, त्याने मावशींना तपासले, घर धुऊन घेतले, अंथरूण जाळायला लावले आणि दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "आता यांच्यापासून कोणाला धोका नाही." उजवा डोळा गेला होता. चेहरा ओळखू येत नव्हता. पण त्यांनी बाहेर येऊन पहिले काय विचारले असेल, तर मला: "दादा, कागद आला का?"

"कोणता?"

"त्यो पुढचा. पुढील आदेश."

मी त्याच दिवशी तालुक्याला लिहिले. रोगी बरी झाली आहे, सोबत लस टोचणाऱ्याचे म्हणणे. तरी मनाईहुकूम मागे घ्यावा. उत्तर नाही. आठवड्याने स्मरणपत्र. उत्तर नाही. स्वतः गेलो, साहेब दौऱ्यावर होते. मावशी घरात बसून राहिल्या. बांगड्यांची पाटी फडक्याखाली तशीच. बायका जाऊन म्हणत, "भरा की मावशी, कोन इचारतंय?" मावशी म्हणत, "चावडीवर वाचलंय बाई. मोठ्यानं. तसाच मोठ्यानं मागं घेतील तवा भरीन." हुकमाचा मान गावात त्यांच्याइतका कोणी ठेवला नाही. मीसुद्धा नाही.

ज्येष्ठ शुद्ध चतुर्दशी आली. दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा. गावातल्या बायकांच्या हातात वाटून वाटून विरळ झालेल्या बांगड्या होत्या, काही फुटून वाढल्याही होत्या. दुपारी माझी पत्नी निघाली, मी मागे. चावडीच्या दारावर हुकूम अजून होता, खिळ्याभोवती पिवळा पडलेला. ती त्याच्याकडे न पाहता मावशींच्या दारात जाऊन उंबऱ्यावर बसली आणि दोन्ही हात पुढे केले.

"कागद न्हाई आला, पोरी," मावशी म्हणाल्या.

"न्हाई आला."

"मग?"

"मग काय? उद्या वडाला बोडक्या हातानं जाऊ? ह्यांच्यासाठीच जायचंय ना, ज्यांनी हुकूम लिवला त्यांच्यासाठी. इचारा त्यास्नी, जाऊ का नको."

मावशींनी एक डोळा माझ्याकडे वळवला. कायद्याने मी म्हणायला हवे होते की थांबा. पंचायतीचा सभासद या नात्याने गुन्ह्याची खबर देणेही माझ्याकडे येत होते. मी म्हणालो, "भरा."

"लिवून देता?"

"देतो."

मावशींनी तिचा हात धरला. इतक्या दिवसांनी कोणाचा तरी हात धरत होत्या. डोळा मिटला, अंगठ्याने हाड चाचपले, आणि त्यांचा चेहरा हलला. "अडीच व्हती," त्या म्हणाल्या. "उतरलीस गं. सव्वादोन झालीस." धोंड्यावर भाकऱ्या ठेवून, माझ्याशी भांडून आणि उन्हातान्हात रांगा लावून माझ्या पत्नीचे मनगट उतरले होते, ते मला रोज तिच्या हातचे खाऊन दिसले नव्हते. बांगडी आत गेली. मागे गल्लीत एकेक करून बायका येऊन उभ्या होत्या.

मी त्यांना लिहून दिले, एका कोऱ्या कागदावर, माझ्या सहीने. मावशींनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग उलटून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यावर शिक्का न्हाई."

"तो येईल," मी म्हणालो.

तो आला नाही. त्यानंतरचे वर्ष दुष्काळाचे, त्यानंतरचेही. कार्यालयांना दुसरी कामे होती, हे मी समजू शकतो. त्यापुढची वर्षे समजू शकत नाही. मी दरवर्षी वटपौर्णिमेआधी एक पत्र लिहीत आलो. उत्तरे माझ्याजवळ आहेत. एकात मूळ हुकमाची प्रत मागितली आहे. ती त्यांच्याच दप्तरात असायला हवी, आमची पावसाने खाल्ली. एकात अर्ज संबंधितांकडे वर्ग केल्याचे लिहिले आहे. संबंधित कोण ते लिहिलेले नाही. एकात असे उत्तर आहे की सदर रोग देशातून समूळ गेला असल्याने प्रश्नच उद्भवत नाही. हे वाचून मी तीन दिवस नीट जेवलो नाही. रोग देशातून गेला. हुकूम गेला का? ज्या हुकमात "पुढील आदेश होईपर्यंत" असे लिहिले आहे, तो पुढील आदेशाशिवाय संपतो, असे कोणत्या कायद्यात आहे, ते मला दाखवावे.

मावशी त्यानंतर उभे आयुष्य बांगड्या भरत राहिल्या. दिसायचे कमी होत गेले तसे बोटांचे काम वाढले. आमच्या सुनेला पहिली बांगडी त्यांनीच भरली. आणि दर वटपौर्णिमेला, पत्नीचा हात हातात असताना, त्या मान न वळवता विचारीत, "दादा, कागद?" पहिली काही वर्षे खरोखर विचारीत. मग थट्टेने विचारू लागल्या, गल्ली हसे, मीही हसे. शेवटच्या वर्षी त्या खाटेवर होत्या. पत्नी भेटायला गेली, मी दारात थांबलो. त्यांनी तिचा हात धरला, माप घेतले, मग दाराकडे तोंड केले. "वकील हाय का?"

"हाय, मावशे."

"दादा, आला का?"

त्या वेळी गल्लीत हसायला कोणी नव्हते. मी म्हणालो, "उद्या येईल." मी आयुष्यात कार्यालयांना खोटे बोलल्याबद्दल किती तरी बोल लावले आहेत.

पत्नीला वाटते मी आता पुरे करावे. मी हे लिहितोय आणि ती आतून विचारते आहे, "अजून लिवताय व्हय त्येच?" तिच्या हातात आज मावशींच्या हातची एकच बांगडी उरली आहे, त्या सव्वादोनची. ती म्हणते, मावशीनं तुमाला कवाच माफ केलंय. असेल. पण माफी त्यांनी मला दिली. कार्यालयाला दिलेली नाही, आणि ती माझ्यामार्फत पोचवण्याचा मला अधिकारही नाही.

म्हणून माझी मागणी अशी. तालुक्याच्या त्या खुर्चीत आज जे कोणी बसले असतील, त्यांनी येत्या ज्येष्ठ शुद्ध चतुर्दशीला, दिवसाढवळ्या, आमच्या चावडीवर यावे. आदल्या दिवशी दवंडी पिटावी. हुकूम ज्या ओट्यावरून वाचला त्याच ओट्यावर उभे राहून तो मागे घेत असल्याचे तितक्याच मोठ्याने वाचावे, आणि कागदावर शिक्का मारून तो मावशींच्या घरच्यांच्या हाती द्यावा. मसुदा लिहिणारा आरोपी क्रमांक एक म्हणून मी शेजारी उभा राहीन आणि मला जे विचारले जाईल त्याचे उत्तर देईन. यायचे नसेल, तर त्यांनी एवढ्याच प्रश्नाचे उत्तर जाहीरपणे, स्वतःच्या सहीने द्यावे: आमच्या गावच्या कासारीण मावशींना बांगड्या भरण्यास आजही मनाई आहे की नाही?